विमलबाई आणि धूळ पकडायचं यंत्र

"महिन्याभरात त्या दत्ताच्या क्रशरला वेसण घातली नाही, तर मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलंच नाही, शाळेच्या फाटकाशी भजी तळली असं समजा!"

विमलबाईंनी ही गर्जना केली ती गच्चीवर उभं राहून, पोह्याच्या पापडांचं ताट हातात धरून. ऐकायला दोघं होती. एक नाना, म्हणजे त्यांचे यजमान, खुर्चीत बसून खोकत होते. दुसरी सोमी. ती डोंगराखालच्या ठाकरवाडीतून रोज सकाळी बाईंकडे कामाला यायची आणि कामापेक्षा मतं जास्त करायची.

"पापड चाखून बघा," बाईंनी नानांपुढे ताट धरलं.

नानांनी चाखला. दाताखाली कर्र झालं.

"पोह्याचा ना गं?"

"पोह्याचा होता! सकाळी वाळत घातला तेव्हा पोह्याचा होता. आता खडीचा झालाय! घर बांधायला घ्या!"

राग यायला कारणही तसंच होतं. कर्जतहून चौक गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, बोरमाळावर, विमलबाईंचं हे बैठं घर. चाळीस वर्षांपूर्वी बांधलं तेव्हा हवा अशी होती, की जेवण झाल्यावर गच्चीवर बसून माथेरानचे दिवे मोजता यायचे. नाना सतरा म्हणायचे, बाई एकोणीस म्हणायच्या, आणि भांडण मिटवायला पुन्हा मोजायचे. आता दिवे राहू द्या, माथेरानच दिसत नव्हतं! तीन वर्षांपूर्वी टेकडीपलीकडे खडी क्रशर आला, आणि सकाळी दहाच्या ठोक्याला जे पांढरं पीठ उठायचं, ते संध्याकाळी पाचपर्यंत बोरमाळावर सांडत राहायचं. तुळस पांढरी, मांजर पांढरं, नानांचे उरलेसुरले काळे केस पांढरे!

नाना रसायनीच्या कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी करून आले, एकदा शिंकले नाहीत. आणि आता रात्र रात्र खोकायचे. कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं, धुळीपासून लांब राहा. मुलगा अनुपम पुण्याहून आला, बाबांचा खोकला ऐकला, आणि त्यानं निकाल देऊन टाकला.

"आई, गुढीपाडव्यापर्यंत धूळ थांबली तर ठीक. नाहीतर हे घर विकायचं आणि दोघांनी माझ्याकडे यायचं. सातवा मजला आहे, हवा छान आहे."

"सातव्या मजल्यावर मी काय पतंग उडवू?" बाई कडाडल्या.

पण मुलाचं बोलणं चुकीचं नव्हतं. म्हणून तर राग दुप्पट झाला.

बाईंनी तोपर्यंत अर्ज करून पाहिले होते. अकरा अर्ज! प्रत्येक अर्जाला एकच उत्तर, 'धूळ क्रशरचीच आहे याचा पुरावा सादर करावा.' आता पुरावा कसला सादर करणार? धुळीच्या अंगावर काय मालकाचं नाव गोंदलेलं असतं?

आणि मालक कोण? तर दत्ता! बाईंचाच विद्यार्थी! अडतीस वर्षांपूर्वी नववीत शेवटच्या बाकावर बसायचा. बाईंनी कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले आणि विचारलं, "दत्ता, कपटे का चिकटले?" तर म्हणाला, "बाई, तुमी तेल जास्त लावता." त्या दिवशी त्याला तासभर बाकावर उभं केलं होतं. आता तो गळ्यात बोटाएवढी साखळी घालून, पांढऱ्या गाडीतून फिरायचा आणि बाई दिसल्या की गाडी थांबवून भर रस्त्यात पाया पडायचा. त्याचा बाईंना अधिकच संताप यायचा.

"पाया पडतोस ते पडतोस, वर पायांवर धूळ टाकून जातोस!"

"बाई, धूळ रस्त्याची हाय हो. आमच्या क्रशरला पाण्याचे फवारे हायेत."

"चालू असतात का?"

"हायेत ना!"

अशा वेळी पुण्याहून आसावरी आली. ही नानांच्या मोठ्या भावाची नात. हवामानावर संशोधन करते. तिनं गाडीतून एक पेटी उतरवली आणि पेटीतून काढलं एक यंत्र. उलटी टांगलेली स्टीलची कढई असावी आणि कढईच्या तोंडाशी पंख्याची पाती गरगर फिरत असावीत, असं त्याचं ध्यान होतं. गच्चीच्या मधोमध खांब रोवून आसावरीनं ते त्यावर बसवलं.

"विमलआजी, हे हवेतली वीज मोजतं."

"आभाळ कोरडं ठणठणीत आहे, वीज कुठली?" नानांनी विचारलं.

"आजोबा, ढग नसले तरी हवेत वीज असतेच. उघड्यावर उभं राहिलं तर डोक्यापासून पायापर्यंत शंभर-दीडशे व्होल्टचा फरक असतो. आपल्याला जाणवत नाही इतकंच."

"हिच्याजवळ उभं राहिलं की मला जाणवतो," नाना म्हणाले आणि लगेच खोकले.

"आता गंमत बघ आजी. धूळ नुसती उडत नाही. दगडावर दगड आपटतो, कणावर कण घासतो, आणि प्रत्येक कण थोडी थोडी वीज घेऊन उडतो. तो लोट गच्चीवरून गेला की यंत्राचा आकडा हलणार. बहुतेक खाली पडणार. केव्हा लोट आला, केव्हा गेला, मिनिटामिनिटाचा आलेख निघेल. तो आलेख क्रशरच्या वेळांशी जुळला की झालं!"

विमलबाईंचे डोळे भरून आले. अहो, हा तर कंगव्याचाच प्रयोग! तोच, ज्याच्यासाठी दत्ताला बाकावर उभं केलं होतं! आता अख्ख्या क्रशरलाच बाकावर उभं करायचं!

जाताना आसावरीनं सूचना दिल्या. यंत्राला हात लावायचा नाही, हलवायचं नाही, पात्यांत काही जाऊ द्यायचं नाही, जवळ कपडे वाळत घालायचे नाहीत. यंत्र बॅटरीवर चालेल, आकडे मोबाइलवरून आपोआप पुण्याला जातील, आणि तीन आठवड्यांनी प्रदूषण खात्याच्या मॅडम पाहणीला येणार आहेत, तेव्हा आलेख मांडायचा. बाईंनी त्याच संध्याकाळी गच्चीवरची कपड्यांची दोरी सोडली आणि मागच्या अंगणात बांधली. सूचना म्हणजे सूचना!

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता टेकडीपलीकडे घरघर सुरू झाली. पांढरा लोट उठला आणि डुलत डुलत बोरमाळाकडे निघाला. बाईंनी यंत्राकडे पाहिलं. काय चकचकीत स्टील! काय नाजूक पाती! आणि त्यावर आता ही मेली धूळ बसणार?

विमलबाई एकतीस वर्षं शाळेची प्रयोगशाळा सांभाळत होत्या, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत तराजूला कव्हर होतं, सूक्ष्मदर्शकाला कव्हर होतं, आणि कव्हरांच्या कपाटालाही पडदा होता. त्यांनी निवृत्त होताना सगळी यंत्रं नव्यासारखी परत केली. काही तर इतकी नवी होती, की आत काय आहे ते कुणी पाहिलंच नव्हतं! घरीही तेच. मिक्सरला कव्हर, गॅसच्या टाकीला कव्हर, टीव्हीला झालरीचं कव्हर. रिमोटला तर दोन, एक प्लॅस्टिकचं आणि त्यावर एक कापडी!

बाई खाली गेल्या, लोखंडी कपाट उघडलं, तळातून एक जुनी साडी ओढली आणि शिलाई मशीन पुढ्यात घेतलं. अर्ध्या तासात कव्हर तयार! छान घेरदार पिशवी, पात्यांना कुठं लागणार नाही अशी, वर खांबाला बांधायला नाडी. पिवळाधमक आंबा रंग, त्यावर पांढरी फुलं.

तेव्हापासून रोजचा नेम ठरला. धुळीच्या वेळात नानांना गच्चीवर यायला बंदी झाली. घड्याळात दहा वाजले की, घरघरीची वाट न बघता, बाई गच्चीवर जाऊन कव्हर चढवायच्या. पाच वाजले की कव्हर उतरवायच्या. शाळेची घंटा कधी चुकली असेल, बाईंची वेळ चुकली नाही.

"बाय, त्याला थंडी वाजते काय गं?" सोमीनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"धुळीनं बिघडेल ना ते!"

"पन ते धूळ मोजाया आनलंय ना?"

"बिघडलं तर मोजणार कसं? तू भांडी घास!"

सोमी भांडी घासायला गेली, पण जाताना बोललीच, "आमच्या वाडीत पानावर बोट फिरवला का समजतंय. वालाची फुलं पार पिठात घोळल्यासारखी झालीत. शेंग धरंना. मिशिन कशाला?"

"पानावरचं बोट सरकार ऐकत नाही सोमे. आकडा ऐकतं."

आसावरीला या कव्हराबद्दल काही सांगावं, असं बाईंच्या मनातही आलं नाही. आपण सकाळी दात घासले, हे कुणी फोन करून सांगतं का?

पाचव्या दिवशी आसावरीचाच फोन आला. आवाज नुसता उड्या मारत होता.

"विमलआजी, कमाल आहे! दहा वाजले की आकडा जो उसळतो, तो छपराला टेकतो! आणि पाचच्या ठोक्याला खाली! रोज! एवढा स्वच्छ आलेख मी आयुष्यात पाहिला नाही!"

"दहा ते पाच? म्हणजे क्रशरचीच वेळ!" बाई ओरडल्या. "पकडला! पकडला मेल्याला!"

"फक्त एक आहे, मला वाटलं होतं आकडा खाली पडेल. हा वर जातोय."

"त्या दत्ताचं सगळंच उलटं! त्याची वीजसुद्धा उलटीच असणार!"

"असेल. दगडाच्या जातीवर असतं म्हणा. आणि मधल्या शनिवारी यंत्र जरा बिघडलं होतं वाटतं. त्या दिवशी काहीच उसळी नाही, नुसती थोडी पडझड. तो दिवस मी काढून टाकलाय."

"काढ, काढ! एखाद्या दिवशी यंत्रालाही बरं नसेल."

त्या शनिवारी बाई कशेळ्याला जुन्या विद्यार्थिनीच्या मुलीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. सकाळी सातच्या जीपनं गेल्या, दिवेलागणीला परतल्या. यंत्र दिवसभर उघडं राहिलं होतं. कव्हर सोमीच्या हातात द्यायचा प्रश्नच नव्हता, प्रयोगशाळेची किल्ली बाईंनी शिपायाच्याही हातात कधी दिली नव्हती. साखरपुड्यात त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. पेढा खाताना तीनदा म्हणाल्या, "त्याच्यावर धूळ बसत असेल गं!" नवऱ्या मुलाच्या आईला वाटलं, आहेराच्या साडीबद्दलच बोलतायत. ती रुसली ती रुसलीच.

पण आता काय, विजयच! बाईंनी अनुपमला फोन केला. "गिऱ्हाइकाला सांग, घर विकायचं नाही. तुझा सातवा मजला तुलाच लखलाभ!" नानांना तर इतका उत्साह आला, की म्हणाले, "अगं, वैशाखात आपल्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. धूळ गेली तर गच्चीवरच जेवण घालू. तू ती पहिल्या दिवाळीची साडी नेस. माझ्या पहिल्या बोनसची. तीन दिवसांपासून शोधतोय, कपाटात दिसत नाही कुठं."

"असेल कुठंतरी," बाई म्हणाल्या आणि तातडीनं स्वयंपाकघरात गेल्या. "हरवली असेल. बघते."

पाहणीचा दिवस उजाडला, मंगळवार. ग्रामपंचायतीच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. खात्याच्या मॅडम टेबलामागे, त्यांच्यापुढे चहा. एका बाजूला दत्ता, कपाळाला गंध, हातात फाइल. दुसऱ्या बाजूला बोरमाळाचे लोक, त्यांच्यात चष्मा घरी विसरून आलेले नाना, आणि ठाकरवाडीची पंधरा-वीस माणसं, सोमी त्यांच्या पुढे. आसावरी सकाळीच आली होती. यंत्र दाखवायचं म्हणून खांबावरून उतरवलं होतं. विमलबाईंनी ते स्वतः, कव्हरासकट, गणपती आणावा तसं दोन्ही हातांवर घेऊन आणलं आणि मॅडमच्या टेबलावर ठेवलं. कव्हर वाटेतल्या धक्क्यांसाठी असेल, असं आसावरीला वाटलं.

आसावरीनं भिंतीवर आलेख लावला. सरळसोट उभी चढण, वर सपाट माळ, सरळसोट उतार. तीन आठवडे रोज एक, अशा पेट्या रांगेनं मांडाव्यात तसा.

"दहाला सुरू, पाचला बंद," आसावरी म्हणाली. "क्रशरची हीच वेळ आहे."

मॅडमनी चष्मा वर केला. "काय हो मालक?"

विमलबाईंना राहवेना. त्या उठल्या. "तो काय बोलणार! याला कंगव्याचा प्रयोग येत नव्हता! धूळ विजेसकट पकडलीये तुझी, दत्ता! आता फवारे आहेत म्हणून सांग! या माणसाच्या खोकल्याला सांग! त्या पोरींच्या वालाला सांग! माझ्या पापडांना सांग!"

टाळ्या पडल्या. दत्तानं मान खाली घालून फाइल चाळली. मग तो हळूच उठला, बाईंच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाई, एक विचारू? ह्यो इथला दिवस कुठला?"

"शुक्रवार," आसावरीनं सांगितलं.

"आन् हा?"

"पुढचा शुक्रवार."

"मॅडम, शुक्रवारी आमचा क्रशर बंद असतो. आठवड्याची सुट्टी. आन् ह्या यंत्रात शुक्रवारी बी दहा ते पाच धूळ!"

सगळ्या माना विमलबाईंकडे वळल्या.

"चोरून चालवतोस!" बाई गरजल्या.

"कशावर चालवू बाई? शुक्रवारी दुपारपतुर लाइट असते का?"

नव्हती. शुक्रवारी लाइट नसते म्हणून बाई स्वतःच नारळाची चटणी पाट्यावर वाटायच्या. आसावरी आलेखाकडे आणि कॅलेंडरकडे आळीपाळीनं बघत राहिली. दत्ताचा आवाज चढला.

"मला बदनाम करायला कुनीतरी यंत्रात गडबड केलीय मॅडम! गच्चीवर कोन जातं, कोन येतं, कुनाला म्हाईत!"

हे मात्र सोमीला सहन झालं नाही. आमच्या बाईंवर आळ? ती पदर खोचून पुढं आली.

"ओ शेठ, तोंड सांभाळून बोला! आमच्या बायनी पोटच्या पोरावानी जपलंय ते मिशिन! कुनाला हात लावू देत नाय! रोज धा वाजले का सोताच्या हातानी त्याला लुगडं नेसवायचं आन् पाच वाजले का सोडायचं! धुळीचा एक कन लागू दिला नाय त्याला!"

ठाकरवाडीनं अभिमानानं माना डोलावल्या. सोमी बाईंकडे बघून हसली, म्हणजे कशी बाजू राखली!

आसावरी हळूहळू वळली. टेबलावरच्या आंबा रंगाच्या पिशवीकडे तिनं बघितलं. मग पिशवीला बोट लावलं.

"विमलआजी. हे कापड कसलं आहे?"

"नायलॉन," बाई म्हणाल्या. आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा कव्हरापेक्षा पिवळा झाला.

पण उत्तर द्यायला आता तिसराच उभा राहिला होता. दत्ता! त्याचे डोळे चमकत होते. अडतीस वर्षं तुंबून राहिलेलं उत्तर बाहेर पडलं.

"घर्षन! बाई, घर्षन! नायलॉन घासलं का त्याच्यावर वीज बसते! कंगव्यावानी! तुमी रोज धा वाजता ते यंत्रावर घासून चढवायचा, तवा आकडा वर! पाचला काढायचा, आकडा खाली! ते धुळीची वीज मोजत नव्हतं, तुमच्या लुगड्याची वीज मोजत होतं!"

सभागृह फुटलं! खुर्च्या हलल्या, म्हातारी माणसं मांड्या थोपटू लागली. मॅडमनी फाइल तोंडापुढे धरली. नानांना हसू आणि खोकला एकदमच आला, दोन्ही थांबेनात. आसावरी कपाळाला हात लावून म्हणाली, "जवळ कपडे वाळत घालू नको म्हणाले होते मी. यंत्रालाच कपडे घालू नको, हे सांगायला हवं होतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही!"

धूळ मोजायला आणलेलं यंत्र बाईंनी धुळीच्या वेळात नेमानं झाकून ठेवलं होतं. म्हणजे परीक्षा सुरू झाली की मुलाला घरी झोपवायचं आणि पेपर संपला की शाळेत पाठवायचं! आणि हे कुणी केलं? एकतीस वर्षं घर्षण शिकवणाऱ्या बाईंनी!

विमलबाईंना आधी वाटलं, जमिनीत जावं. पण जमिनीत जाण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. नानांचा खोकला ऐकू येत होता. सातवा मजला डोळ्यांपुढे उभा राहिला. लाजेच्या जागी राग आला, आणि असा आला की साखरपुड्यात रुसलेल्या त्या बाईचासुद्धा त्यात हिशेब झाला.

"हसा!" त्या ओरडल्या. "चुकले मी! पण चुकले का? मी कव्हर घातलं ते का घातलं? हौस होती? धूळ येत होती म्हणून घातलं! आणि ती धूळ आली कुठून? माझ्या साडीतून?"

असं म्हणून त्यांनी यंत्राचं कव्हर नाडीसकट हिसकून काढलं आणि गोधडी झटकावी तसं मॅडमच्या टेबलावर फटकन झटकलं.

झालं! तीन आठवड्यांची धूळ होती ती! बाईंनी कव्हर एकदाही धुतलं नव्हतं, कारण धुवायला काढलं असतं तर यंत्र एक दिवस उघडं राहिलं असतं! पांढरा लोट उठला, पंख्याच्या वाऱ्यानं सभागृहभर फिरला. मॅडमच्या चहावर साय धरली. सगळे शिंकायला लागले. दत्ताच्या गंधावर पांढरा थर बसला.

"हाच!" बाई धुळीतून गरजल्या. "हाच माझा आलेख!"

मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, बसा. बसा आधी. पण कव्हर झटकल्याची नोंद मी कशात करू? मला वेळेसह मोजमाप हवंय."

"मोजमाप आहे!" आसावरी एकदम ओरडली. "शनिवार! आजी, त्या शनिवारी तू कुठं होतीस?"

"कशेळ्याला. साखरपुड्याला."

"म्हणजे कव्हर नव्हतं! तो एकच दिवस यंत्र खरं बोलत होतं आणि मी बिघडलं म्हणून काढून टाकला!"

तिनं लॅपटॉपवर भराभर बोटं फिरवली आणि भिंतीवर नवी रेघ उमटली. ही रेघ उड्या मारत नव्हती. दहापर्यंत शांत होती, दहानंतर घसरत खाली गेली, मध्ये पुन्हा वर आली, पुन्हा घसरली आणि संध्याकाळी सावकाश जागेवर आली. मॅडम वाकून बघू लागल्या.

"पण हा मधे उंचवटा कसला? एकच्या सुमाराला?"

दत्ता अजून घर्षणाच्याच आनंदात होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला विज्ञान कळत होतं. तो भिंतीपाशी गेला आणि रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "सोपं हाय मॅडम! धूळ थांबली का आकडा वर येनार! एक ते दोन आमची जेवायची सुट्टी असते ना, तवा मिशिन बंद! ही बघा, दोनला बरोब्बर पुन्हा खाली…"

बोलता बोलता तो थांबला. बोट रेघेवरच राहिलं.

मग विमलबाई सावकाश उठल्या, दत्तापर्यंत चालत गेल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप दिली. पांढरी धूळ उडाली.

"शाबास! अडतीस वर्षांनी बरोबर उत्तर दिलंस! बस खाली!"

दत्ता खरंच बसला. सवय असते काही माणसांना.

मॅडमनी त्याच दिवशी पंचनामा केला. एका दिवसाच्या आलेखावर क्रशर बंद करता येणार नाही, म्हणाल्या, पण मालकानं स्वतःच्या तोंडानं वेळा जुळवून दिल्यात. तेव्हा फवारे आजपासून सुरू, खडीच्या ढिगावर ताडपत्री, खडी वाहणाऱ्या पट्ट्यांवर पत्र्याचं झाकण, आणि महिनाभर पुन्हा मोजणी. मग दत्ताकडे बघून म्हणाल्या, "कव्हर घालायचं असतं ते तिकडे घालायचं असतं." आणि बाईंकडे बघून म्हणाल्या, "इकडे नाही!"

अनुपमला फोनवर कळवलं. त्यानं सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "बरं. पावसाळ्यापर्यंत थांबू." बाईंनी फोन ठेवला आणि देवापुढे साखर ठेवली. जिंकल्या म्हणायच्या की हरल्या, त्यांनाही नक्की कळेना. पण दुसऱ्या दिवशी दहा वाजता घरघर सुरू झाली आणि लोट पूर्वीच्या निम्मासुद्धा उठला नाही. यंत्र गच्चीवर उघडंवाघडं उभं होतं. बाईंचे हात शिवशिवत होते. सोमी त्यांच्यावर पहारा ठेवून बसली होती.

"बाय, खाली चला. त्याला काय थंडी वाजत नाय."

आठवड्यानं पंचनाम्याची प्रत टपालानं आली. नानांनी चष्मा लावून ती मोठ्यानं वाचायला घेतली. खोकला बराच कमी झाला होता, म्हणून एका दमात वाचता येत होतं.

"…धुळीचा नमुना म्हणून ताब्यात घेतलेला मुद्देमाल. नायलॉन साडीपासून शिवलेली पिशवी, एक नग. रंग आंबा, त्यावर पांढरी फुलं…"

नाना थांबले. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला, तिसऱ्यांदा वाचलं.

"विमल, ही तर आपली पहिल्या दिवाळीची! माझ्या पहिल्या बोनसची! तू तर म्हणालीस, हरवली!"

विमलबाई तांदूळ निवडत होत्या. एकाएकी त्यांना त्यात फार खडे दिसायला लागले.

"सापडली की मग! खालापूरच्या सरकारी कचेरीत आहे. सीलबंद आहे, कसर लागायची नाही."

"वैशाखात नेसणार होतीस ना? सोडवून आणू या. शिवण उसवली तर साडी पुन्हा साडी होईल. पदर तरी शाबूत आहे ना?"

बाईंनी ताट जवळ ओढलं. मग ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवत हळूच म्हणाल्या, "पदराची नाडी केली हो."